‘मांबो?’ : एका शब्दाचा मेसेज आणि रोजची गोळी

१ डिसेंबरला जागतिक एड्स दिन असतो. शाळेत प्रभातफेरी निघते, लाल फिती लावल्या जातात, एचआयव्ही कसा पसरतो नि कसा पसरत नाही हे फळ्यावर लिहिलं जातं. पण लागण झाल्यावर पुढे काय, हा भाग बहुतेक वेळा राहून जातो. आज तोच भाग पाहू. उपचार चालू असलेल्या तरुण मुलीला रोजची गोळी वर्षानुवर्षं घ्यायला मोबाइलवरचा साधा मेसेज मदत करू शकतो का, हा आपला प्रश्न. त्याचं उत्तर शोधण्याचं बरंच काम पूर्व आफ्रिकेत झालं आहे, म्हणून आपणही तिकडे जाऊ.

गोळी चुकली तर काय होतं?

एचआयव्ही हा विषाणू रक्तातल्या सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशींत शिरतो आणि तिथेच स्वतःच्या प्रती तयार करतो. या पेशी आपल्या रोगप्रतिकारशक्तीच्या कामाच्या. त्या कमी झाल्या की क्षयासारखे आजार डोकं वर काढतात. एआरटीची औषधं विषाणूचं प्रती काढण्याचं काम थांबवतात. मात्र विषाणू पूर्ण नाहीसा होत नाही, काही पेशींत दडून राहतो. औषध थांबलं की तो पुन्हा वाढू लागतो.

धोका आणखी एक आहे. औषध कधी घेतलं, कधी नाही, असं होत राहिलं तर रक्तात औषध थोडंसंच उरतं. अशा वेळी त्या औषधाला दाद न देणारे विषाणू टिकतात आणि वाढतात. मग तेच औषध निरुपयोगी ठरू शकतं.

उलट गोळी नियमित घेतली तर काय होतं, हेही बघा. २०११ साली एका मोठ्या संशोधनाचे निष्कर्ष जाहीर झाले. त्यात नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती. प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्ही होता, दुसऱ्याला नव्हता. आपलं पुणे हेही त्यातलं एक केंद्र होतं. उपचार लवकर सुरू केल्यावर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी कमी झालं. आज आपल्याला माहीत आहे की रक्तातला विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराकडे जात नाही. गरोदर बाईच्या बाळाला लागण होण्याचा धोकाही खूपच कमी होतो. म्हणजे एका मुलीच्या गोळीवर तिचा जीव, तिचा संसार आणि तिचं होणारं बाळ, तिन्ही अवलंबून असतं.

मग गोळी चुकते कशामुळे?

‘विसरली असेल’ असं आपण पटकन म्हणतो. विसरणं हे एक कारण आहेच, पण तेवढंच नाही. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत १५ ते २४ या वयात मुलांपेक्षा मुलींना लागण होण्याचं प्रमाण कितीतरी जास्त आहे. अशा मुलीची परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. नवऱ्याला किंवा सासरी अजून सांगितलेलं नाही, डबीतल्या गोळ्या खुळखुळल्या तरी छातीत धस्स होतं. वसतिगृहात एका खोलीत दहा जणी, गोळी घ्यायची कुठे? दवाखाना लांब आणि बसभाड्याला पैसे नाहीत. पोट रिकामं असेल तर गोळीने मळमळतं. शिवाय तब्येत ठणठणीत वाटत असताना रोज औषध घेण्याचा कंटाळाही येतोच.

यातल्या किती अडचणी गजर लावून सुटतील?

केनियातला प्रयोग

२००७ सालच्या केनियात मोबाइल झपाट्याने पसरत होता. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची ‘एम-पेसा’ सेवा त्याच वर्षी सुरू झाली. त्याच सुमारास नैरोबी आणि काजियाडो इथल्या तीन दवाखान्यांत ‘वेलटेल’ नावाचा प्रयोग सुरू झाला. नव्याने एआरटी सुरू करणारे ५३८ प्रौढ रुग्ण निवडले. त्यांत निम्म्याहून जास्त स्त्रिया होत्या. चिठ्ठी टाकल्यासारखे त्यांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला नेहमीचे उपचार आणि शिवाय दर आठवड्याला एक मेसेज.

मेसेज स्वाहिली भाषेत असायचा, ‘मांबो?’ म्हणजे आपलं ‘कसं काय?’. रुग्णाने ४८ तासांत उत्तर द्यायचं. ‘सावा’ म्हणजे ठीक आहे, ‘शिडा’ म्हणजे अडचण आहे. ‘शिडा’ आलं किंवा काहीच आलं नाही, तर दवाखान्यातून फोन जायचा आणि काय झालंय ते विचारलं जायचं.

मेसेजमध्ये काय नव्हतं, ते लक्षात आलं का? एचआयव्ही नाही, गोळी नाही, दवाखानाही नाही. फोन घरात दुसऱ्या कुणाच्या हाती पडला तरी वाचणाऱ्याला वाटेल, ओळखीच्या कुणीतरी खुशाली विचारली आहे.

वर्षभरानंतर नियमित औषध घेतल्याचं सांगणारे रुग्ण मेसेजच्या गटात ६२ टक्के होते, दुसऱ्या गटात ५० टक्के. सांगणं आणि करणं यांत फरक असू शकतो, म्हणून रक्तही तपासलं. विषाणू आटोक्यात असलेल्यांचं प्रमाण अनुक्रमे ५७ आणि ४८ टक्के निघालं. फरक फार मोठा नाही, पण एका शब्दाच्या मेसेजसाठी कमीही नाही. २०१० मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

सगळीकडे असंच झालं का?

नाही. आणि विज्ञान शिकताना हा भाग वगळून चालत नाही.

• पश्चिम केनियातल्या चुलाइम्बो इथे ४३१ रुग्णांवर दुसरा प्रयोग झाला. आठवड्याला एक मेसेज मिळणाऱ्यांपैकी ५३ टक्क्यांनी किमान ९० टक्के औषध घेतलं. मेसेज न मिळणाऱ्यांत हे प्रमाण ४० टक्के होतं. रोजच्या मेसेजचा मात्र उपयोग दिसला नाही. रोज वाजणाऱ्या घंटेकडे कान दुर्लक्ष करू लागतो, तसं काहीसं झालं असावं.

• दक्षिण भारतात ६३१ रुग्णांवर झालेल्या प्रयोगात एका गटाला दर आठवड्याला यंत्राकडून आपोआप येणारा फोन आणि चित्राचा मेसेज दिला. ९६ आठवड्यांनंतर दोन्ही गटांत विशेष फरक आढळला नाही.

• युगांडातल्या कंपाला शहरात १५ ते २२ वयाच्या ३३२ जणांवर झालेल्या प्रयोगात वर्षभर मेसेज पाठवले. काहींना फक्त मेसेज मिळायचा, काहींना उत्तरही देता यायचं. दोन्ही प्रकारांत औषध घेण्यात सुधारणा झाली नाही.

कंपालाचा निकाल आपल्या विषयाला सगळ्यात जवळचा, कारण ही सगळी तरुण मुलं-मुली होती. प्रौढांना जे लागू पडलं ते मुलींना लागू पडेलच असं धरता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत मोजून-मापूनच सांगितलं, की इतर मदतीच्या जोडीला मेसेज वापरण्याचा विचार करावा. ‘जोडीला’ हा शब्द अधोरेखित करा. मेसेजने अडचण कळते. ती सोडवायला समुपदेशक लागतो, बसभाडं लागतं, घरी कसं सांगायचं यासाठी कुणाचा तरी आधार लागतो. ‘शिडा’ असं कळवूनही कुणी विचारलंच नाही, तर ती मुलगी पुढच्या वेळी कळवेल कशाला?

तरुण मुलींसाठी मेसेज ठरवताना

१. आधी तिची परवानगी. फोन तिचा स्वतःचा आहे, की आईचा किंवा नवऱ्याचा, हेही तिलाच विचारायचं.
२. आजाराचं आणि औषधाचं नाव नको. शब्द तिने निवडलेले असावेत.
३. वाचता येत नसेल किंवा बॅलन्स नसेल तर मिस्ड कॉलसारखी सोय हवी.
४. उत्तराकडे लक्ष देणारा माणूस नेमलेला असावा.
५. तिला नको असेल तेव्हा मेसेज बंद करता यावेत.

आपल्याकडे

भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटी मोफत मिळते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन घातलं आहे. १०९७ या मोफत हेल्पलाइनवर माहिती आणि सल्ला मिळतो. हा नंबर वहीत लिहून ठेवा.

विचार करा आणि लिहा

१. वेलटेलच्या प्रयोगात रुग्णांचे दोन गट का केले?
२. रुग्णाचं सांगणं पुरेसं न मानता रक्त का तपासलं?
३. ‘आज गोळी घेतलीस का?’ आणि ‘कसं काय?’ यांपैकी कोणता मेसेज तुम्ही पाठवाल? घरात सगळ्यांचा मिळून एकच फोन आहे असं समजून उत्तर लिहा.