बेरजेत हरवणारे मूल
आफ्रिकेतील शाळांचे दप्तर आणि मुक्त आज्ञावली

शाळेचा खरा इतिहास तिच्या दप्तरात असतो. कोणते मूल कधी दाखल झाले, किती दिवस आले, कोणत्या इयत्तेत मागे राहिले आणि कोणत्या दिवसापासून दिसेनासे झाले, याची साक्ष हजेरीपट आणि दाखल-खारीज नोंदवही देत असतात. आफ्रिका खंडातील अनेक देशांत हे दप्तर नीट राखणे ही शिक्षकांपुढील एक अवघड समस्या होऊन बसली आहे.

युगांडाने १९९७ साली सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाचे धोरण अंमलात आणले. त्याबरोबर प्राथमिक शाळांची पटसंख्या एका वर्षात सुमारे ३१ लाखांवरून ५३ लाखांवर गेली. मलावीमध्येही १९९४ साली शुल्क रद्द होताच अशीच गर्दी लोटली होती. शाळेची दारे गरिबांना खुली झाली, ही निःसंशय आनंदाची गोष्ट होय. तथापि वर्गखोल्या आणि शिक्षक त्या प्रमाणात वाढले नाहीत. कारकून तर बहुतेक ग्रामीण शाळांना नसतोच. दाटीवाटीने भरलेला वर्ग शिकवून झाल्यावर नोंदी आणि विवरणपत्रे पुरी करण्याचे काम शिक्षकाच्याच माथी येते.

बेरीज काय सांगत नाही

शाळेने वर्षातून एकदा विवरणपत्र भरावयाचे, ते तालुक्याने एकत्र करून जिल्ह्याकडे आणि जिल्ह्याने राजधानीकडे पाठवावयाचे, ही रीत आपल्याकडील शिक्षकांनाही अपरिचित नाही. तिच्यात एक मूलभूत उणीव आहे. एका काल्पनिक शाळेचे उदाहरण घेऊ. चौथीत ४० मुले होती आणि पुढील वर्षी पाचवीतही ४० मुले आहेत. कागदावर कोणीच गळाले नाही. प्रत्यक्षात चौथीतील तीन मुलींनी शाळा सोडली, दोन मुले नापास होऊन मागे राहिली आणि बाहेरगावाहून नवी पाच मुले आली. बेरीज तीच राहिली. पण त्या तीन मुली कोणाच्याच हिशेबात उरल्या नाहीत. त्या कोठे गेल्या, हा प्रश्न विचारण्याचे कारणही कोणाला पडले नाही.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद ठेवणे. मुलाला एक क्रमांक द्यावयाचा आणि दाखला, हजेरी, गुण, बदली या सर्व गोष्टी त्याच क्रमांकाखाली नोंदवावयाच्या. हजारो शाळांसाठी हे काम हाताने होणे कठीण आहे. संगणक त्यासाठीच हवा.

मुक्त म्हणजे काय?

संगणकाला काम करावयास लावणाऱ्या सूचनांच्या संचास आज्ञावली म्हणतात. बाजारातील पुष्कळशा आज्ञावल्यांचा परवाना विकत घ्यावा लागतो आणि त्यांची आतील रचना गुप्त ठेवलेली असते. मुक्त आज्ञावलीची रचना मात्र सर्वांना खुली असते. ती कोणीही वापरावी, तपासावी, आपल्या गरजेप्रमाणे बदलावी आणि इतरांस द्यावी, असे तिचा परवानाच सांगतो. वहीचा नमुना गावच्या सुताराला बदलता येणाऱ्या कपाटासारखा हाती असावा, तसा हा प्रकार आहे. एखाद्या देशात इयत्तांची नावे निराळी असतील, अध्यापनाची भाषा फ्रेंच वा पोर्तुगीज असेल, तर तेथील जाणकार स्वतःच तसा फेरफार करू शकतात. त्यासाठी परदेशी कंपनीच्या मर्जीची वाट पाहावी लागत नाही.

एक आरंभीचा प्रयत्न

दक्षिण आफ्रिकेचे उद्योजक मार्क शटलवर्थ यांनी या शतकाच्या आरंभी अशा कामास आर्थिक पाठबळ दिले. ‘उबुंटू’ ही मुक्त संगणकप्रणाली २००४ साली जगापुढे आणणारे ते हेच. त्यांच्या साहाय्याने तयार झालेल्या ‘स्कूलटूल’ या आज्ञावलीत विद्यार्थ्यांची माहिती, वेळापत्रक, हजेरी आणि गुणपत्रक यांची सोय होती. साधनांची वानवा असलेल्या शाळांनाही ती विनामूल्य मिळावी, हा हेतू होता. पुढे काही वर्षांनी तिचा विकास थांबला. या प्रयत्नातून एक धडा मिळतो. आज्ञावली मुक्त असली, तरी तिची निगा राखणारी माणसे आणि त्यांच्या पोटापाण्याची तरतूद सतत असावी लागते.

केरळमार्गे आफ्रिकेत

दुसरी कथा आरोग्य खात्यातून सुरू होते. वर्णद्वेषी राजवट संपली, तेव्हा दक्षिण आफ्रिकेत वंश आणि प्रदेशांनुसार विभागलेली १४ आरोग्य खाती होती. त्यांची माहिती एकत्र आणण्यासाठी १९९४ नंतर केपटाउन येथे कामास आरंभ झाला. नॉर्वेतील ऑस्लो विद्यापीठाचे संशोधक त्यात सहभागी होते. त्यातून ‘डीएचआयएस’ ही आज्ञावली जन्मास आली. ती स्वतः मुक्त होती. परंतु मायक्रोसॉफ्टच्या विकतच्या आज्ञावलीवर उभी होती. ही अडचण दूर करणारी दुसरी आवृत्ती ऑस्लो येथे तयार होऊ लागली आणि तिचा पहिला प्रत्यक्ष वापर २००६ साली आपल्या केरळ राज्यात झाला. आज सत्तरांहून अधिक देशांत ती आरोग्याच्या नोंदींसाठी वापरली जाते.

दवाखान्याच्या जागी शाळा आणि रुग्णाच्या जागी विद्यार्थी ठेवला, तर नोंदीचा सांगाडा फारसा बदलत नाही. हे ध्यानी घेऊन गांबिया, युगांडा, टोगो, मोझांबिक, इस्वातिनी आदी देशांनी हीच आज्ञावली शिक्षणक्षेत्रात आणली. आरोग्य खात्यात तिच्यावर तयार झालेले कुशल मनुष्यबळ अनेक ठिकाणी देशातच होते, हा मोठाच लाभ ठरला. भ्रमणध्वनीवर संपर्काविना नोंद करून ठेवावी आणि संपर्क मिळताच ती पुढे पाठवावी, अशी सोयही तिच्यात आहे. जेथे वीज आणि तारायंत्रणा यांचा भरवसा नाही, तेथे या सोयीचे मोल विशेष आहे.

विनामूल्य, पण विनाखर्च नव्हे

परवान्याचे पैसे वाचले, म्हणजे खर्च संपला असे नाही. यंत्र, वीज किंवा सौरपट्ट्या, दुरुस्ती, माहितीच्या सुरक्षित प्रती आणि मुख्य म्हणजे शिक्षकांचे प्रशिक्षण, या सर्वांस पैसा लागतो. प्रशिक्षित शिक्षकाची बदली झाली, की यंत्र कपाटात बंद पडून राहण्याची भीती असते. मुलांची वैयक्तिक माहिती भलत्याच हाती जाणार नाही, याचीही दक्षता घ्यावी लागते. शिवाय अनुदान पटसंख्येवर अवलंबून असेल, तर पट फुगविण्याचा मोह संगणकापुढेही सुटत नाही. खोटा आकडा यंत्रात घातला, तर यंत्रातून खोटाच आकडा बाहेर येतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आणखी निराळी आहे. शिक्षकाने जुनी वहीही भरावयाची आणि नवे यंत्रही, असे झाले तर त्याचा भार दुप्पट होतो आणि नोंदी उरकल्या जातात. उलट, त्याच नोंदींतून त्याला तयार गुणपत्रक मिळाले, सलग गैरहजर मुलांची यादी वेळेवर मिळाली, शेजारच्या शाळांशी आपल्या शाळेची तुलना गावकऱ्यांपुढे ठेवता आली, तर तो त्या नोंदी काळजीपूर्वक करील. राजधानीकडे गेलेला आकडा शाळेकडे परतला पाहिजे, हे यातील सूत्र होय.

यंत्र शाळा सोडलेल्या मुलीस घरी जाऊन परत आणू शकत नाही. ते काम शिक्षकाचे, पालकांचे आणि गावाचे आहे. मात्र ती मुलगी येईनाशी झाली आहे, हे त्यांना वेळीच कळविणे यंत्रास शक्य आहे. आफ्रिकेतील या प्रयत्नांचे मोल त्या एका कसोटीवरच ठरावे.