सगळंच स्पष्ट कशाला हवं?
फोटोतला काही भाग मुद्दाम धूसर ठेवणं आपल्या नजरेला धरूनच आहे. डोळ्याला एका वेळी मधला जेमतेम दोनेक अंशांचा भागच लख्ख दिसतो. नजरेच्या याच मर्यादेच्या आधारावर छायाचित्रकार पीटर हेन्री एमर्सन यांनी १८८९ मध्ये छायाचित्रणात मुख्य विषयावरच फोकस ठेवण्याचा आग्रह धरला. याउलट, १९३२ मध्ये अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन यांच्या ‘ग्रुप एफ/६४’ या छायाचित्रकारांच्या गटाने सगळंच रेखीव दिसावं, असं ठासून मांडलं. विस्तीर्ण डोंगररांगांसाठी ते पटतंही. पण शहराच्या गजबजाटात सगळंच स्पष्ट असलं की नजर ठरत नाही. ओलिव्हो बार्बिएरी यांनी हेलिकॉप्टरमधून टिल्ट-शिफ्ट लेन्सने टिपलेलं रोम पाहा: फोकसच्या अरुंद पट्ट्यामुळे खरं शहर खेळण्यातलं वाटतं आणि ओळखीच्या इमारती आपण नव्याने न्याहाळतो. काय धूसर ठेवायचं, या निवडीतच छायाचित्रकाराची दृष्टी कळते.