माती पाक आहे, पण विषमुक्त आहे का?

पाणी मिळाले नाही तर पाक मातीने तयम्मुम करण्याची सवलत अल्लाहतआलाने आपल्याला दिली आहे. सजद्यात कपाळ टेकते ते जमिनीवर आणि शेवटी मय्यतही मातीच्याच स्वाधीन होते. म्हणून मातीची निगा हा केवळ शेतीचा विषय नाही. माती आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे.

आपला चंदगड तालुका भात, नाचणी, काजू, ऊस आणि रताळ्यांचा. आता हलकर्णी आणि शिनोळीला औद्योगिक वसाहतीही आहेत. मुलांना रोजगार हवाच. कारखाना आला म्हणजे माती बिघडलीच, असेही नव्हे. पण शंका आली तर तपासायचे कसे, हे घरोघरी माहीत असायला हवे.

अनेकजण म्हणतात, “आमच्याकडे मृद आरोग्य पत्रिका आहे, माती चांगली आहे.” ही योजना २०१५ साली सुरू झाली. तिच्यात नत्र, स्फुरद, पालाश, सामू, सेंद्रिय कर्ब, जस्त, लोह असे १२ घटक तपासतात. पिकाला काय कमी पडते, हे त्यातून कळते. शिसे, आर्सेनिक, क्रोमियम किंवा कारखान्यातली रसायने यांचा त्यात समावेश नाही. माती सुपीक असूनही विषारी असू शकते.

विषाची तपासणी वेगळी असते. आधी जागेचा इतिहास विचारतात: इथे पूर्वी काय होते, भराव कुठून आला, पिंपे कुठे ठेवली जात, सांडपाणी कोणत्या बाजूने वाहते? मग डाग, उग्र वास, गवत न उगवणारे तुकडे यांची नोंद होते. माती मुद्दाम नाकाशी नेऊन हुंगू नये.

सुपीकतेसाठी आपण शेतभर फिरून घेतलेली माती एकत्र मिसळतो. इथे तसे केले, तर एका कोपऱ्यातले विष बाकीच्या चांगल्या मातीत विरून जाते आणि अहवाल साफ येतो. म्हणून संशयित जागेचा नमुना वेगळा ठेवतात, त्यावर ठिकाण आणि खोली लिहितात. सोबत त्याच गावातील न बिघडलेल्या जागेचाही नमुना घेतात. आपल्याकडे तर हे फारच गरजेचे आहे, कारण जांभ्या मातीत लोह निसर्गतःच भरपूर असते. तांबडा रंग म्हणजे प्रदूषण नव्हे.

जागेवरच वापरायची हातातली यंत्रेही असतात. एक्स-रेवर चालणारे यंत्र मातीला टेकवले की एक-दोन मिनिटांत शिसे, क्रोमियम, जस्त यांचा अंदाज देते. माती ओली असेल तर आकडा चुकतो. उडून जाणाऱ्या द्रावकांसाठी माती पिशवीत बंद करून आतली वाफ दुसऱ्या यंत्राने मोजतात. पहिले यंत्र द्रावक ओळखत नाही, दुसरे धातू ओळखत नाही. म्हणून अशी चाचणी फक्त चाळणी आहे. अंतिम निकाल प्रयोगशाळेचाच.

उशीर झाला तर काय होते, हे भोपाळने दाखवले. १९८४ च्या वायुकांडानंतर कारखान्याच्या आवारातील ३३७ टन विषारी कचरा हलवायला २०२५ साल उजाडले. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने तिथल्या मातीचा अभ्यास केला, तेव्हा दूषित मातीचा अंदाज सुमारे ११ लाख टन निघाला. कचरा उचलता येतो, पण पाण्यात झिरपलेले विष उचलता येत नाही.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम लागू केले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची माहिती दर सहा महिन्यांनी द्यायची आणि प्राथमिक तपासणी ९० दिवसांत व्हायची, अशी त्यात तरतूद आहे. म्हणून शंका असल्यास गट क्रमांक, फोटो आणि तारखा जोडून ग्रामपंचायतीमार्फत लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. कुणावर नाव घेऊन आरोप करण्यापेक्षा मोजमाप मागावे. पुराव्याशिवाय बोट दाखवणे आपल्या दीनलाही मान्य नाही.

निकाल येईपर्यंत त्या जागेत मुलांना खेळू देऊ नये. लहानग्यांची बोटे सारखी तोंडात जातात आणि शिसे त्यांच्या वाढत्या मेंदूला इजा करते. तिथली पालेभाजी आणि कंद खाणे थांबवावे. रसायनाचे रिकामे पिंप कितीही धुतले, तरी त्यात वजूचे किंवा पिण्याचे पाणी साठवू नये. फुकटात भराव मिळत असेल, तर तो कुठून आला हे घरातल्या बायकांनीही विचारावे, कारण परसातली भाजी त्यांच्याच हातून ताटात येते.