डब्लिनमध्ये ११२ लावला की…

दारात लाल बंब उभा आहे, जवान धावत घरात शिरताहेत, आणि आग कुठेच नाही! स्वयंपाकघरात एक माणूस कोसळलाय आणि त्याचं हृदय थांबलंय. आयर्लंडच्या राजधानीत, डब्लिनमध्ये, याचं कुणाला नवल वाटत नाही. तिथल्या अग्निशमन दलाचे जवान प्रशिक्षित पॅरामेडिकही असतात. कधी बंबावर काम, तर कधी रुग्णवाहिकेवर. बंबातसुद्धा हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र असतं. हे दल शहरात रुग्णवाहिका चालवतंय ते १८९८ पासून, म्हणजे घोडागाडीच्या जमान्यापासून! १९१६ च्या ईस्टर उठावात रस्त्यांवर गोळ्या सुटत होत्या, तेव्हाही त्यांनी जखमींना उचलून इस्पितळात पोचवलं.

उरलेल्या देशासाठी सरकारी आरोग्यसेवेची ‘नॅशनल ॲम्ब्युलन्स सर्व्हिस’ आहे. गंमत अशी, की तिच्या गाड्या डब्लिनमध्येही धावतात. मग फोन केला, तर येणार कोण?

आपल्याकडे आगीसाठी १०१ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ ही सवय. तिकडे सगळ्याला ११२ किंवा ९९९. हा फोन आधी या दोघांपैकी कुणाकडेच जात नाही! तो घेते एक तिसरीच यंत्रणा. ती विचारते, कोणती सेवा हवी? तुम्ही घाबरून पत्ता आठवत असता, तेवढ्यात खिशातला स्मार्टफोन स्वतःहून तुमचं ठिकाण कळवून मोकळा होतो. रुग्णवाहिका म्हणालात आणि डब्लिनमध्ये असलात, तर फोन अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात. इतरत्र असलात, तर राष्ट्रीय सेवेच्या कक्षात. या कक्षाच्या जागा दोन, डब्लिनचं उपनगर टाला आणि वायव्येला बॅलीशॅनन, पण यंत्रणा एकच. त्यामुळे दक्षिण टोकाच्या कॉर्कमधला फोन देशाच्या दुसऱ्या टोकाला उचलला जाऊ शकतो.

आता खरी कमाल. पलीकडचा माणूस विचारतो, “शुद्धीवर आहे का? श्वास चालू आहे का?” उत्तरांवरून ठरतं, प्रसंग किती गंभीर. सगळ्यात वरचा संकेत ‘एको’: श्वास किंवा हृदय थांबलं. प्रश्न संपेपर्यंत गाडी थांबून राहत नाही. शेजारचा सहकारी ती केव्हाच रवाना करतो, आणि इकडे तुम्हाला छाती कशी दाबायची ते सांगणं सुरू होतं: मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. मदत नसेल तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. म्हणून पहिला मदतनीस ७ मिनिटं ५९ सेकंदांत पोचावा, असं उद्दिष्ट ठरवलं गेलं.

(तुमची लेक किंवा भाचा तिकडे राहत असेल, तर गाडीला घर लगेच सापडावं म्हणून घराचा ‘एअरकोड’ पाठ आहे का, जरूर विचारा. २०१५ पासून तिथे प्रत्येक पत्त्याला स्वतंत्र सात अक्षर-अंकी कोड आहे. त्याआधी खेड्यांत कित्येक घरांचा पत्ता एकच असे!)

पण अग्निशमन दलाच्या सगळ्या रुग्णवाहिका अडकल्या असतील तर? मग तो कॉल राष्ट्रीय सेवेकडे सोपवायचा. आणि इथेच घोडं अडलं. एका घरात दोन चुली, तसे एका शहरात दोन कक्ष आणि दोन वेगळ्या संगणक प्रणाली. दोन गल्ल्या पलीकडे दुसऱ्या सेवेची गाडी रिकामी उभी असली, तरी या कक्षाच्या पडद्यावर ती दिसायची नाही. विचारायला फोनच करावा लागायचा. उपग्रह तुमची जागा सांगतो, आणि त्याच शहरातले दोन कक्ष एकमेकांना फोन लावत बसायचे! २०१४ मध्ये आरोग्यसेवेचा दर्जा तपासणाऱ्या ‘हिक्वा’ या संस्थेने आपल्या अहवालात या विस्कळीतपणावर नेमकं बोट ठेवलं.

उपाय काय? रुग्णवाहिकेचे सगळे कॉल राष्ट्रीय सेवेने घ्यावेत, असा प्रस्ताव आला. जवानांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला: आमचा बंब आणि आमची रुग्णवाहिका एकाच कक्षातून हलतात, ते तोडू नका. मला त्यांचं म्हणणं पटतं. बंब आणि रुग्णवाहिका एकाच दलाकडे असणं ही शहराची शंभर वर्षांहून जुनी कमाई आहे. पण पडद्यांचं काय? खुर्चीवर कोण बसणार हा वाद चालायचा तितका चालो. दोन्हीकडच्या नकाशावर दोन्हीकडच्या गाड्या दिसायलाच हव्यात, आणि त्यासाठी कुणालाही खुर्ची सोडावी लागत नाही.