ब्रूमफील्डसाहेबांची दोन कामं

येरवड्याच्या तुरुंगाचा इतिहास आपण कैद्यांच्या नावांनी सांगतो. गांधीजींना इथे पहिल्यांदा धाडणारे न्यायाधीश रॉबर्ट ब्रूमफील्ड त्यात सहा वर्षांच्या एका शिक्षेपुरतेच येतात. त्यांची पुढची कारकीर्द पाहिली, तर हा माणूस नीट कळतो.

१९२२ मध्ये ब्रूमफील्ड अहमदाबादचे जिल्हा व सत्र न्यायाधीश होते, आयसीएसमधले. १८ मार्चला शाहीबागच्या सर्किट हाउसमध्ये ‘यंग इंडिया’तल्या तीन लेखांवरून राजद्रोहाचा खटला उभा राहिला. कलम १२४-अ. आरोपींनी गुन्हा कबूल केला. तरीही अ‍ॅडव्होकेट जनरल स्ट्रँगमन यांना रीतसर सुनावणी हवी होती. ब्रूमफील्डनी ती नाकारली, कबुली ग्राह्य धरली आणि प्रश्न फक्त शिक्षेचा ठेवला.

या कलमाखाली जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षाही देता येत होती. त्यांनी आधार घेतला तो १९०८ च्या टिळक खटल्याचा. प्रत्येक लेखाला दोन वर्षं, म्हणजे एकूण सहा वर्षं साधी कैद. सरकारने पुढे ही मुदत कमी केली तर आपल्याइतका आनंद कुणालाच होणार नाही, असंही त्यांनी भर कोर्टात सांगितलं. घडलंही तसंच. येरवड्यात असताना गांधीजींना अपेंडिसायटिस झाला, जानेवारी १९२४ मध्ये ससूनमध्ये कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली आणि ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांना सोडलं.

दुसरं काम बारडोलीचं. १९२८ मध्ये वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी वाढीव सारा भरायचं नाकारलं. वाढ सुमारे २२ टक्क्यांची होती. तडजोडीनंतर चौकशी नेमली गेली: न्यायखात्याचे ब्रूमफील्ड, महसूल खात्याचे मॅक्सवेल. दोघे गावोगाव फिरले, खंडाचे आकडे कुळांकडून आणि जमीनमालकांकडून पडताळून घेतले. ज्या आकड्यांवर सरकारने वाढ उभारली होती, तेच विश्वासार्ह नाहीत, असं त्यांना आढळलं. १९२९ च्या अहवालात वाढ ६.०३ टक्क्यांवर आली. मॅक्सवेल पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गृहखातं सांभाळू लागले; १९४२ मध्ये गांधीजी येरवड्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध झाले, तेव्हा ते खातं त्यांच्याचकडे होतं. ब्रूमफील्ड मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले.

अहमदाबादेत आरोपीच गुन्हा कबूल करून मोकळा झाला होता. न्यायाधीशाच्या हाती शिक्षेचं मापच काय ते उरलं. राजद्रोहाचं कलम न्याय्य की अन्याय्य, हा सवाल ब्रूमफील्डनी स्वतःला विचारला नाही, आणि तिथे त्यांची मर्यादा दिसते. बारडोलीत मात्र पुरावा तपासायची मोकळीक होती. ती मिळताच त्यांनी आपल्याच सरकारचा हिशेब खोटा ठरवायला मागेपुढे पाहिलं नाही. कायदा परका, पण पुराव्याशी इमान पक्कं: ब्रूमफील्डना जोखताना या दोन्ही बाजू एकाच पानावर मांडाव्या लागतात.