चालू यंत्राची परीक्षा

खामगाव परिसरातील जिनिंग कारखान्यात यंत्राचा पट्टा तुटला की काम थांबते, बिघाड सर्वांना कळतो आणि दुरुस्ती होताच सरकी पुन्हा निघू लागते. औषधनिर्मितीत मात्र बंद पडलेल्या यंत्रापेक्षा चालू राहून चुकत जाणारे यंत्र अधिक घातक असते, आणि म्हणूनच ते ठरल्याप्रमाणे काम करीत आहे याची सतत खातरजमा करणे हा तेथील देखभालीचा मुख्य हेतू असतो.

पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीत १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. पेनिसिलिनची बुरशी ज्या बंद टाकीत वाढवितात, त्या किण्वनपात्राला अखंड निर्जंतुक हवा पुरवावी लागते. एखादे गॅस्केट, म्हणजे सांधा घट्ट ठेवणारी चकती, झिजून पेनिसिलिनेज हे विकर तयार करणारे जीवाणू आत शिरले, तर पात्रातील पाती फिरत असतानाच तयार झालेले औषध नष्ट होत जाते.

गोळ्यांच्या यंत्रात डाय नावाच्या साच्यात भुकटी भरते आणि वरचा व खालचा पंच ती दाबून घट्ट करतात. खालचा पंच झिजून केसभर आखूड झाला, तर साच्यात भुकटी जास्त मावते आणि दर फेऱ्याला त्या जागची गोळी जड निघते. त्यामुळे पंचांची लांबी ठरावीक मुदतीने मोजतात. बिघाडाची वाट न पाहता केलेल्या अशा कामास प्रतिबंधक देखभाल म्हणतात. वजनकाटा प्रमाणित वजनांशी ताडून पाहणे म्हणजे कॅलिब्रेशन. त्यात काटा चुकीचा ठरला, तर मागील तपासणीपासून त्यावर तोललेल्या प्रत्येक बॅचचा फेरविचार करावा लागतो, आणि तो लॉगबुकातील नोंदी चोख असतील तरच शक्य होतो. औषध कारखान्यांना बंधनकारक असलेल्या व डिसेंबर २०२३ मध्ये सुधारित स्वरूपात अधिसूचित झालेल्या अनुसूची ‘एम’मध्ये यंत्रांच्या अशा तपासणीवर व नोंदींवर भर आहे.

हीच शिस्त बुलढाणा जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत पोहोचावी लागते. तेथील आयएलआर, म्हणजे लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवणारा फ्रिज, चालू असूनही अति थंड झाला, तर पेंटाव्हॅलंट लस गोठून निकामी होते आणि वितळल्यावर सहज पाहून ते ओळखता येत नाही. म्हणून त्याचे तापमान दिवसातून दोनदा नोंदवायचे असते. रुग्णाला गोळी तोलून पाहता येत नाही आणि आईला लसीचा प्रवास तपासता येत नाही. त्यांच्या वतीने ही तपासणी आधीच झाली आहे, याची ग्वाही लॉगबुकातील सही देते.