शिवणाऱ्या मशीनचा अंगरखा

दोस्तांनो, एक कोडं घालू? अख्ख्या घराचे कपडे शिवतं, पण स्वतः शंभर वर्षं एकच अंगरखा घालून बसलंय. आणि तो अंगरखा दिलाय एका किड्यानं! ओळखा पाहू कोण?

शिलाई मशीन! काळंभोर, अंगावर सोनेरी वेलबुट्टी, खाली लोखंडी जाळीचा पायटा आणि वर लाकडी पाट. झाईपासून चिंचणीपर्यंतच्या किनाऱ्यावर कितीतरी घरांत असं एखादं मशीन कोपऱ्यात उभं असतं. कुणी त्यावर टीव्ही ठेवतं, कुणी कुंडी, कुणी इस्त्रीचे कपडे. जगात मात्र अशी मशीन शोधून गोळा करणारे, घासूनपुसून पुन्हा चालू करणारे आणि त्यांच्या लाकडाला नवं पॉलिश देणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. त्यांचं सगळं कसब एका प्रश्नापाशी येऊन थांबतं: हा अंगरखा कशाचा आहे?

त्याआधी मशीनच्या पोटात डोकावू या. खरी जादू तिथेच आहे.

बॉबिन फासातून जातं तरी कसं?

हातानं शिवताना आपण अख्खी सुई कापडातून आरपार काढतो. मशीनची सुई मात्र खाली जाते आणि आल्या वाटेनं परत वर येते. तिचं भोक मागे नसतं, टोकाशी असतं. मग टाका बसतो कसा?

सुई नीट न्याहाळा. तिच्या एका बाजूला लांब खाच दिसेल. खाली जाताना दोरा त्या खाचेत सुखानं बसतो. सुई अगदी तळाला जाते आणि मग दोनेक मिलिमीटर वर सरकते. खाचेच्या बाजूचा दोरा तिच्याबरोबर वर येतो. दुसऱ्या बाजूचा दोरा मात्र सुई आणि कापड यांच्यात दाबला गेलेला असतो. त्याला वर सरकता येत नाही, म्हणून तो फुगतो आणि छोटासा फास तयार होतो. नेमक्या त्याच क्षणी खालचा आकडा येतो आणि तो फास पकडतो.

पुढे तर कमालच! आकडा तो फास ओढून मोठा करतो आणि खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, म्हणजे बॉबिन, जिच्यात बसते त्या डबीवरून फिरवून पलीकडे नेतो. अख्खी डबी फासातून पार होते! पण डबी मशीनला जोडलेली असेल तर दोरा तिथेच अडकेल ना? म्हणून ती कुठेही घट्ट जोडलेली नसते. आपल्या घरट्यात सैल बसलेली असते आणि तिच्या भोवती दोरा जाण्यापुरती फट असते. शेवटी वरची दांडी दोरा खेचून घेते, आणि वरचा व खालचा दोरा कापडाच्या मधोमध एकमेकांना मिठी मारतात. झाला टाका!

फार जुन्या मशीनमध्ये गोल बॉबिनऐवजी होडीसारखं निमुळतं शटल असतं. ते मागेपुढे धावतं आणि फासात शिरून पलीकडे निघतं. विणकराचा धोटा आठवला का? हा त्याचाच धाकटा भाऊ.

सुई आणि आकडा यांच्यात अंतर किती, तर जेमतेम केसाएवढं. थोडं वाढलं तर टाका सुटतो, कमी झालं तर सुई मोडते. केसाएवढा फरक म्हणजे काय, हे चिंचणीत कुणाला समजावून सांगायला नको. दागिन्यांचे डाय, म्हणजे साचे, बनवणारे कारागीर या गावात आहेत. पोलादावर नक्षी कोरायची, तीही उलटी, आणि पत्र्यावर ती सुलटी उठली पाहिजे. तिथे एवढीशी चूकही चालत नाही.

पॅरिस ते क्लाईडबँक

मशीनची ही सगळी युक्ती एका माणसाची नाही. फ्रान्समधल्या बार्थेलेमी थिमोनिए या शिंप्यानं १८३० मध्ये शिवणयंत्राचं पेटंट घेतलं. पॅरिसमध्ये त्याच्या यंत्रांवर सैनिकांचे गणवेश शिवले जायचे. आपली भाकरी जाणार म्हणून चिडलेल्या शिंप्यांनी ती यंत्रंच मोडून टाकली! टोकाशी भोक असलेली सुई आणि शटल यांचं पेटंट अमेरिकेत इलायस हाऊ यानं १८४६ मध्ये घेतलं. आयझॅक सिंगर याचं पेटंट १८५१ चं. पुढे १८५६ च्या सुमारास सिंगर कंपनीनं हप्त्यांवर मशीन विकायला सुरुवात केली आणि साध्या घरांनाही ते परवडू लागलं.

स्कॉटलंडमधल्या क्लाईडबँक गावात १८८५ मध्ये सिंगरचा प्रचंड कारखाना उभा राहिला. १९१३ या एकाच वर्षात तिथून सुमारे १३ लाख मशीन बाहेर पडली. कारखाना १९८० मध्ये बंद झाला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव अजूनही ‘सिंगर’ आहे! भारतात या मशीनचा प्रसार करणारे मोठे एजंट होते नसरवानजी मेरवानजी पटेल नावाचे पारशी गृहस्थ. १९३० च्या दशकात कोलकात्याला ‘उषा’ मशीन तयार होऊ लागलं. यंत्रांवर कडक टीका करणारे गांधीजीसुद्धा सिंगरच्या मशीनला अपवाद मानायचे. तसं त्यांनी १९२४ मध्ये सांगितलं होतं.

आता तो किडा!

पळस, बोर, कुसुंब या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे राहतात. पिल्लू अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं. ते फांदीत सोंड खुपसून रस पितं आणि स्वतःच्या अंगाभोवती राळेचा थर चढवतं. असे हजारो किडे शेजारी शेजारी बसले की फांदीवर जाड कवच तयार होतं. तीच लाख. ती खरवडून, धुऊन, वितळवून तिचे पातळ पापुद्रे करतात. बाजारात ते चपडी लाख म्हणून मिळतात. महाभारतातलं लाक्षागृह आठवतंय ना? तीच ही लाख, चटकन पेट घेणारी. पार्सलवरची मोहोर आणि जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्यासुद्धा लाखेच्याच. लाखेच्या उत्पादनात आपला देश जगात आघाडीवर आहे, आणि झारखंडात रांचीजवळ १९२४ मध्ये खास लाखेवर संशोधन करण्यासाठी एक संस्था सुरू झाली.

चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळते. हे द्रावण लाकडावर फिरवलं की स्पिरिट उडून जातं आणि मागे राहतो लाखेचा पारदर्शक, चमकदार थर. पाटावरचा अंगरखा तो हाच. आणि गंमत म्हणजे, जुन्या मशीनच्या काळ्या अंगावर जी सोनेरी नक्षी असते, कुठे वेली तर कुठे चक्क इजिप्तचा स्फिंक्स, तिच्यावरही बहुधा लाखेचाच हात फिरवलेला असतो. म्हणजे लोखंड आणि लाकूड, दोघांचा शिंपी एकच!

इथेच नवशिके फसतात. लाकडावरचं जुनं, काळवंडलेलं पॉलिश काढायला स्पिरिट उत्तम. चिंधी स्पिरिटमध्ये भिजवून पुसलं की लाख विरघळून निघते आणि खालचे लाकडाचे रेषे हसू लागतात. तोच बोळा चुकून मशीनच्या अंगावर फिरला तर? लाख विरघळते आणि तिच्याबरोबर सोन्याची नक्षीही पुसली जाते. शंभर वर्षं टिकलेला स्फिंक्स पाच मिनिटांत गायब! म्हणून लोखंडी अंग पुसायचं ते मऊ कापडानं आणि मशीनच्या तेलानं. तेलात लाख विरघळत नाही, मळ मात्र सुटतो.

मग हा थर लाखेचा आहे की दुसऱ्या कशाचा, हे ओळखायचं कसं? पाटाच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला स्पिरिटचा एक थेंब टाकायचा. बोटाला चिकट लागलं तर लाख समजायची. काहीच झालं नाही तर वॉर्निश असू शकतं. तेलाचं वॉर्निश वाळताना हवेतल्या ऑक्सिजनशी जोडलं जातं आणि एकदा कडक झालं की स्पिरिटला दाद देत नाही.

समुद्राची हवा, जुना शत्रू

चिंचणीच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांतून येणारा वारा छान वाटतो. मशीनला विचाराल तर ते तक्रारच करेल. या हवेत ओलावा असतो आणि मिठाचे बारीक कणही. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि खारट पाण्यात लोखंड भराभर गंजतं. त्यावर उपाय तेलाचा पातळ थर. पण खोबरेल नको हं! ते साधारण २४ अंशांखाली गोठतं, आणि जुनं झालं की चिकट होऊन मशीनचे सांधे आवळून धरतं. मशीनला मशीनचंच तेल हवं.

लाकडाचं दुखणं वेगळं. बऱ्याच जुन्या पाटांवर महागड्या लाकडाचा पातळ पापुद्रा सरसानं चिकटवलेला असतो. हा सरस जनावरांच्या कातडीपासून आणि हाडांपासून बनतो. तो ओलाव्यानं आणि उष्णतेनं मऊ पडतो, म्हणून पावसाळ्यात पापुद्र्याच्या कडा उचकटतात. सुतारकाका काय करतात माहितेय? जुनं पॉलिश काढून झालं की उचकटलेल्या जागेवर ओलसर कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवतात आणि वर वजन ठेवतात. तोच जुना सरस मऊ होतो आणि पुन्हा चिकटतो. ज्या गुणानं बिघडलं, त्याच गुणानं दुरुस्त झालं!

मग पॉलिश पेपरनं घासायचं, नेहमी रेषांच्या दिशेनं. आडवं घासलं तर ओरखडे उठतात आणि पॉलिशखाली ते आणखी ठळक दिसतात. पापुद्रा असेल तर अगदी हलक्या हातानं घासायचं, नाहीतर तो झिजून खालचं साधं लाकूड डोकावेल. शेवटी कापसाचा बोळा जुन्या सुती कापडात गुंडाळून त्याची पोटली करायची आणि तिनं लाखेचे पातळ पातळ हात द्यायचे. एक हात वाळला की दुसरा. एकदम जाड थर दिला तर तो चिकट राहतो.

हे काम श्रावणात मात्र करायचं नाही. का? स्पिरिट उडून जाताना पृष्ठभाग गार करतं. हातावर सॅनिटायझर घेतलं की गार लागतं, त्याचंही कारण हेच. गार झालेल्या पाटावर दमट हवेतला ओलावा बसतो आणि लाखेवर पांढरी झाक येते. म्हणून पॉलिशला कोरड्या हवेचे हिवाळ्याचे दिवस चांगले. आणि स्पिरिट पेट घेतं, तेव्हा हे काम मोठ्या माणसांबरोबर, मोकळ्या हवेत आणि चुलीपासून लांब.

करून बघा

१. घरच्यांना विचारून सुईजवळची सरकपट्टी उघडा. सुईत दोरा ओवून हाताचं चाक अगदी हळू आपल्याकडे फिरवा. फास तयार होतो तो क्षण दिसतो का?

२. पायमशीनचं मोठं चाक बरोबर एकदा फिरवा आणि तेवढ्यात सुई किती वेळा खाली गेली ते मोजा. मग मोठ्या चाकाचा व्यास मशीनच्या छोट्या चाकाच्या व्यासानं भागा. पट्टा घसरत नसेल तर दोन्ही उत्तरं जवळपास सारखीच येतील. हातमशीन असेल तर दांडा एकदा फिरवा आणि टाके मोजा. सिंगरच्या हातमशीनमध्ये ते सहसा तीन येतात.

३. सिंगर असेल तर तळपट्टीवर उजवीकडे नंबर शोधा. नुसतेच आकडे असतील तर मशीन बहुधा १९०० च्या आधीचं. आकड्यांच्या आधी एफ किंवा वाय अक्षर असेल तर क्लाईडबँकचं, जी असेल तर अमेरिकेतल्या न्यू जर्सीचं.

मशीन गोळा करायला घरात जागा नाही? काही बिघडत नाही. एक वही करा. आपल्या आळीतल्या प्रत्येक जुन्या मशीनसाठी एक पान: नंबर, नक्षी, शटल लांबट की बॉबिन गोल, पाटाचं लाकूड कोणतं, ते घरात कधी आलं आणि कुणी कुणी चालवलं. शेवटची दोन उत्तरं कुठल्याही कंपनीच्या नोंदीत सापडणार नाहीत, ती आजीलाच विचारावी लागतील. तेव्हा तिच्यापासूनच सुरुवात करा, आणि आधी पाटावरची ती कुंडी उचला. तिच्याखाली पांढरं वर्तुळ उमटलं असेल, तर ते कशामुळे हे आता तुम्हीच तिला सांगा!